खानदेशातलं घर: साइटवरच्या बातम्या, नवीन माल आणि आखाजीच्या आधीची घाई

वाघूरकाठ

रामराम मंडळी. होळीला डोंगरात गेलेली माणसं परत आली आणि कामं पुन्हा सुरू झाली. नवीन सभासदांसाठी सांगतो, जळगाव, भुसावळ, जामनेर या पट्ट्यात मी लोकांना त्यांच्या स्वतःच्या प्लॉटवर घरं बांधून देतो. फ्लॅटची स्कीम करत नाही. आपल्या भागात काय चाललंय आणि बाजारात काय नवीन आलंय ते अधूनमधून इथे लिहितो.

आधी होळीचं. फाल्गुनात स्लॅब धरलेल्या काही घरमालकांचे फोन आले, काम का थांबलं म्हणून. सेंट्रिंगवाले (स्लॅबचा साचा बांधणारे), खोदाईवाले, स्लॅबची टोळी यांतले बरेच जण पावरा आणि भिल्ल समाजाचे. कोणी धडगाव-अक्कलकुव्याकडचे, कोणी सीमेपलीकडचे बडवानी-खरगोनचे. भोंगऱ्याचा, म्हणजे होळीआधीचा बाजार भरला की ते गावी जाणार, आणि जायलाच हवं. काठी गावची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल, रात्रभर नाचून पहाटे होळी पेटते ते बघायला माणूस मजुरी सोडून का जातो. ज्यांच्या हातांनी आपलं घर उभं राहतं त्यांचा तो वर्षाचा सण आहे. मी होळीच्या मागचेपुढचे दिवस वेळापत्रकात मोकळे ठेवतो आणि करारातही तसं लिहितो. तुम्हीही तसंच धरून चाला.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, वास्तुशांत त्याच दिवशी हवी असा खूप जणांचा आग्रह असतो. लेकी माहेरी येणार, नव्या घरात गौराई बसणार, झोका बांधला जाणार, मग घाई समजते. पण त्या झोक्याची कडी स्लॅब भरायच्या आधी ठरवावी लागते. १६ मिमीच्या गजाची कडी वाकवून तिचे दोन्ही पाय बीमच्या सळईला बांधायचे आणि मग काँक्रीट ओतायचं. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या हुकावर कोणी लेकीबाळींना झोका देऊ नये. कडीचा खर्च चहापाण्याइतका असतो, आठवण मात्र स्लॅबच्या आदल्या दिवशीच व्हायला हवी.

मालाच्या बातम्या.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तुमचं कोटेशन त्याआधीचं असेल आणि काम आत्ता चालू असेल तर ठेकेदाराबरोबर बसून तो आकडा पुन्हा मांडा. सोलर पॅनेलवरचा करही त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

वाळू. गिरणेच्या वाळूची सवय आपल्या गवंड्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण गिरणेचं पात्र काय झालंय ते काठावरच्या कोणालाही विचारा. विहिरी खाली गेल्या, पात्रात खड्डे उरले. राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचं धोरण आणलं आणि मानक ब्युरोच्या आयएस ३८३ मध्ये तर २०१६ पासूनच तिला जागा आहे. मी आता काँक्रीटला तीच वापरतो. फक्त एक सांभाळा, क्रशरची कच म्हणजे कृत्रिम वाळू नव्हे. कच चपटी आणि धुळीने भरलेली असते. काचेच्या ग्लासात मूठभर माल टाका, पाणी घालून ढवळा आणि ठेवून द्या. वर बोटभर गाळ बसला तर गाडी परत पाठवा. गिलाव्याची वाळू वेगळी, बारीक आणि धुतलेली लागते.

विटा. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख जवळ असल्याने भुसावळ परिसरात फ्लाय ॲशच्या विटा सहज मिळतात. कडा सरळ, गिलावा कमी लागतो, शेताची माती वाचते. पण त्या वजनदार असतात आणि ऊन अडवण्यात भट्टीच्या विटेपेक्षा फार पुढे नसतात. ऊन अडवायचं असेल तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे. त्याचं वजन साध्या विटेच्या साधारण तिसरा हिस्सा आणि उष्णता आत शिरायला बराच वेळ लागतो. ब्लॉकचं काम मात्र ज्या गवंड्याला येतं त्याच्याच हातून करून घ्या. पातळ सांधा, त्याचा वेगळा मसाला, कॉलम आणि ब्लॉक जिथे मिळतात तिथे जाळी मारून मगच गिलावा. जाळी चुकवली की पहिल्याच उन्हाळ्यात कॉलमच्या कडेने उभी चीर दिसते.

एवढं लिहून माझं जे मुख्य म्हणणं आहे ते सांगतो. आपल्याकडे घराचा पैसा आधी जमिनीखाली आणि डोक्यावर गेला पाहिजे. खाली काळी माती, वर पंचेचाळीस अंशांचं ऊन. या दोन जागा सांभाळून जे उरेल त्यातून दर्शनी भागाची सजावट करा. सध्या उलट चाललंय. मोबाइलवर पुण्या-बंगळुरूच्या घराचा फोटो दाखवतात, पश्चिमेला दुमजली काच मागतात आणि गच्चीवरच्या कोब्यात (पाणी अडवणाऱ्या थरात) पैसे वाचवायला सांगतात. मी नाही म्हणतो. त्यात काही कामं हातची जातात, जाऊ देत.

यावलची_लेक

वाघूरकाठ दादा, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. आई-बाबांसाठी यावलजवळ घर बांधायचंय. मी पुण्यात, भाऊ नाशिकला. प्लॉट बिनशेती आहे, नकाशा इथल्या एका आर्किटेक्टकडून काढून घेतला. त्यात खरंच बैठकीच्या खोलीला पश्चिमेकडून अख्खी काच आहे.

गावच्या मिस्त्रीकाकांचं म्हणणं, पाच फूट खोदू, बास. आमच्या शेजारच्या घराला दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा गेल्यात, दरवाजे पावसाळ्यात बसत नाहीत. बाबा म्हणतात मुरूम लागेपर्यंत खोदा. पण विहीर खोदली तेव्हा आमच्याकडे मुरूम लागलाच नव्हता. मग पाया कुठे थांबवायचा?

वाघूरकाठ

ताई, बाबांचा नियम जामनेर, पाचोरा, चाळीसगावकडे बरोबर आहे. तिथे काळी माती काढली की खाली मुरूम आणि मग खडक. यावल-रावेर म्हणजे तापीने आणून टाकलेला गाळ. तो इतका खोल आहे की घराच्या पायाला खडक भेटणार नाही. तिथे मुरूम शोधत खोदत राहणं हा पैशाचा चुराडा.

काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतातल्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्यात, हात जाईल एवढ्या. ही हालचाल वरच्या काही फुटांत असते, खाली ओल वर्षभर सारखी राहते. पाया त्या हालणाऱ्या थराच्या खाली न्यायचा हे पहिलं. तो थर तुमच्या प्लॉटवर किती, हे माती परीक्षणाशिवाय कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि खासगीतही ते होतं, घराच्या खर्चापुढे त्याची रक्कम फारच लहान आहे. अहवालावरून इंजिनिअर ठरवेल, फुटिंग (कॉलमखालचा पाया) रुंद करायचं, घराखाली एकसंध काँक्रीटचा राफ्ट टाकायचा की तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घ्यायचे.

पाया कोणताही असो, हे मिस्त्रीकाकांना सांगून ठेवा: खोदलेली काळी माती जोत्यात परत भरायची नाही. ट्रॉलीचं भाडं वाचतं म्हणून सगळेच ती भरायला बघतात. बाहेरून मुरूम आणा, वीतभर जाडीचे थर द्या, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस मारून दाबा. जोत्याचा बीम घराच्या चारही बाजूंनी सलग. घराभोवती तीन फूट फरसबंदी, उतार बाहेर, म्हणजे पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरणार नाही. शेजारच्या घराच्या तिरप्या चिरा पाहता तिथे यातलं काहीतरी राहिलेलं दिसतं.

काचेबद्दल. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, म्हणजे सगळ्यात जास्त ऊन गच्ची खाते. दुपारनंतर तोच सूर्य खाली येऊन पश्चिमेच्या भिंतीत शिरतो, त्याला वरचा छज्जा अडवू शकत नाही कारण किरण आडवे येतात. पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली टाका. वास्तूप्रमाणे मोठी झोपायची खोली नैर्ऋत्येलाच हवी असेल तर पश्चिमेच्या भिंतीला आतून पूर्ण कपाट करा, ती पोकळी ऊन अडवते. काच हवीच असेल तर उत्तरेला घ्या. उजेड भरपूर, ताप कमी.

पांझराकाठ

मी धुळ्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. वाघूरकाठांच्या पायाच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. माझा मुद्दा उन्हाळ्यात भरल्या जाणाऱ्या स्लॅबचा. आखाजीच्या घाईत बहुतेक स्लॅब चैत्रात भरले जातात आणि नेमकं तेच काँक्रीट सर्वांत कच्चं राहतं.

खडी आणि सळई दिवसभर उन्हात तापते. दुपारी १२ ला मिक्सर चालू केला की माल मिनिटांत घट्ट व्हायला लागतो. मग टोळी पाणी ओतते, कारण ढिला माल ओढायला सोपा. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुरतं, त्यात वाळूतली ओलही धरायची. वर ओतलेली प्रत्येक बादली स्लॅबची ताकद कमी करते. काँक्रीट ओतताना त्याचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ नये असा मानकाचा नियम आहे. म्हणून पहाटे सुरू करा, ऊन चढायच्या आत आटपा, खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारा, सेंट्रिंगच्या पत्र्यावरही मारा.

नंतरचं पाणी. काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ मध्ये, साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आहेत, पण कोरड्या उष्ण हवेत १०. आपण सगळे वापरतो ते राख मिसळलेलं पीपीसी असतं, त्याला अशा हवेत १४ दिवस धरायचे. गिलाव्याच्या मालाचे वाफे करून पाणी उभं ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाइपने नुसतं शिंपडलं तर ते दुपारपर्यंत उडून जातं. बीम आणि कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं राहील याची जबाबदारी एकाच माणसावर टाका. पाणी टँकरने आणावं लागत असेल तर त्याचा खर्च आधीच धरा, नाहीतर तिसऱ्या दिवशी वाफे कोरडे पडतात.

सळई बहुतेक जालन्याहून येते. ब्रँड कोणताही घ्या, वजन करून घ्या. १२ मिमीचा १२ मीटर लांबीचा गज सुमारे १०.६५ किलो भरला पाहिजे, एखाद्या गजात पाचेक टक्के इकडेतिकडे चालतं. अख्खी गाडीच त्याहून हलकी असेल तर परत करा. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही, वजनकाटा लागतो.

शहादेकर_ताई

सगळे भाऊ पाया आणि स्लॅबवर बोलताय, छान माहिती मिळतेय. पण घरात दिवसभर वावरणाऱ्या बायकांना बांधायच्या आधी कोणी विचारतं का? माझ्या सासरच्या घराचा नकाशा आला तेव्हा तो सासरे, दीर आणि ठेकेदार यांनी मिळून पाहिला. मी तिथे असते तर चार गोष्टी सांगितल्या असत्या, त्या इथे सांगते, कोणाच्या तरी कामी येतील.

गच्चीवर नळ हवा. आमच्याकडे उन्हाळ्यात बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, सांडगे सगळं गच्चीवर. पहाटे चार घरच्या बायका एकत्र बसतात, ज्वारीचं पीठ घाटून मोठं पातेलं वर न्यायचं असतं. अरुंद वळणाच्या जिन्याने दोघी पातेलं धरून कशा चढणार? जिना निदान साडेतीन फूट रुंद आणि पायऱ्या बसक्या हव्यात. त्याच जिन्याने रात्री खाटा आणि गाद्या वर जातात. गच्चीचा कठडा लहान मुलं झोपतात या हिशेबाने उंच हवा. आणि वर एक दिव्याचा पॉइंट.

दुसरं कानबाई, आपली खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटाला (तिच्या प्रसादाच्या जेवणाला) सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, ज्याचा मान त्याच्या घरी. चौरंग, केळीचे खांब, समोर रात्रभर गाणी म्हणणाऱ्या बाया. बैठकीत कायमचा सोफा भिंतीला जोडून केला आणि मधे टीव्हीचं फर्निचर उभं केलं तर कानबाई कुठे बसवायची? आमच्या नणंदेच्या नव्या घरात शेवटी गाड्या ठेवायच्या जागेत मांडव घालावा लागला. नकाशा काढणाऱ्याने एवढं विचारावं, तुमच्या घरी वर्षातून एकदा सगळ्यात जास्त माणसं कधी जमतात, आणि ती कुठे बसतात.

तिसरं, ओटा माझ्या उंचीचा करा. आणि मागच्या दाराला मोरी ठेवा, भांडी घासायला, वांगी भाजायला, धुणं धुवायला. भरताची वांगी गॅसवर भाजली तर चव येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मागे चुलीची जागा कोणी ठेवत नाही.

वाघूरकाठ

शहाद्याच्या ताई, तुमचा कानबाईचा प्रश्न मी आता प्रत्येक घरमालकाला पहिल्याच बैठकीत विचारणार. बैठक आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये भिंत न घालता सरकणारं लाकडी पार्टिशन ठेवलं तर सणाच्या दिवशी दोन्ही मिळून एक मोठी खोली होते. आम्ही अशी काही घरं केली आहेत. फक्त वरचा बीम त्या हिशेबाने आधी ठरवावा लागतो.

भुसावळ_जंक्शन

माझा विषय कूलर. भुसावळात राहून कूलरशिवाय मे महिना काढणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण नवीन घर बांधताना कूलरची जागा कोणी नकाशावर दाखवत नाही. मग खिडकीची जाळी कापायची, लोखंडी स्टँड फूटपाथवर उभा करायचा, पाण्याचा पाइप घरातून फिरवायचा. पाणी सांडून भिंत फुगते ते वेगळंच. बांधतानाच याची सोय कशी करावी?

वाघूरकाठ

फार चांगलं विचारलंत. आम्ही आता नकाशातच कूलरची खिडकी दाखवतो. उत्तर किंवा पूर्वेला, सावलीत. खिडकीबाहेर कॅंटिलिव्हर काढून दोन-अडीच फुटांचा ओटा, त्याला उतार आणि निचऱ्याचा पाइप थेट खाली झाडांकडे. भिंतीत पाण्याचा पॉइंट आणि बॉलकॉक, म्हणजे रात्री उठून बादल्या ओतायला नकोत. ओट्यावर छज्जा हवाच, उन्हात उभा कूलर निम्मं काम स्वतःला गार ठेवण्यातच घालवतो.

आता जे सगळ्यांकडून राहतं ते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, ती हवा बाहेर जायला समोर वाट पाहिजे. समोरची खिडकी किंवा झरोका उघडा नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि लोक कूलरला नावं ठेवतात. म्हणून कूलरच्या खिडकीसमोरच्या भिंतीत वर झरोका ठेवा, त्याला जाळी आणि झडप. मृगाचा पाऊस पडला, हवा दमट झाली, की कूलर बंद आणि झरोका उघडा.

आणि वीज. पत्र्याच्या कूलरला हात लावून शॉक बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, लहान मुलंही गेली आहेत. कूलरचा पॉइंट अर्थिंगसह वेगळा घ्या आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. टाइल्समध्ये चार पैसे वाचवा, याच्यात नको. तुमच्याकडे पाणी जड आहे, पॅडवर पांढरा थर धरतो, म्हणून टाकीचं पाणी अधूनमधून पूर्ण काढून टाकता येईल अशी तोटी खाली ठेवा.

चोपड्याचा_धाबेकर

धाग्यावर नवीन घरांचं चाललंय, मी जुन्याबद्दल विचारतो. आमचं गावातलं घर धाब्याचं. दोन फुटांच्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या खारीचा (खारवट मातीचा) जाड थर. दरवर्षी पावसाआधी खारी टाकायची, वडील होते तोवर ते झालं. आता गळतं. भाऊ म्हणतात पाडून आरसीसी करू. मन होत नाही. आमची आजी म्हणायची, "धाबाना घरमा भर उन्हायामा बी गार वाटस." हाई गोट मी मना पोरेस्ले सांगी, तर त्यास्ले खरीच वाटस नही.

वाघूरकाठ

भाऊ, आजींचं म्हणणं बरोबर आहे. जाड माती दिवसाचं ऊन हळूहळू पिते, ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. आपल्या पाच इंची स्लॅबला ते जमत नाही, म्हणून संध्याकाळी सातला पंख्याखालीही छत तापलेलं जाणवतं.

पाडायच्या आधी तुळया तपासा. खिळा रोवून पाहा. आत सहज गेला तर तिथे वाळवी आहे, टणक लागला तर लाकूड अजून जिवंत. भिंतीत रुतलेली टोकं आधी खराब होतात, मधला भाग बहुधा चांगला असतो. घर ठेवायचंच असेल तर धाब्यावर वेगळ्या खांबांवर पत्र्याचं छप्पर उभं करा, पाणी लागायचं थांबलं की माती टिकते. पाडायचंच ठरलं तर तो साग भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या सातपुड्याच्या सागाच्या चौकटी आणि जिन्याच्या पायऱ्या होतात, असलं लाकूड आज बाजारात मागून मिळत नाही. तुमच्या जुन्या दाराची चौकट नव्या घराच्या दर्शनी दाराला बसवता येईल, फक्त भिंतीची जाडी त्या जागी वाढवावी लागेल.

भुसावळ_जंक्शन

गच्चीचं राहिलं. पांढरा रंग मारायचा की चायना मोझॅक? आणि सोलर बसवलं तर सावली मिळेल का?

वाघूरकाठ

आधी विटांच्या तुकड्यांचा कोबा, सरासरी चार इंच, उतार नीट काढून. तो पाणीही अडवतो आणि थोडं ऊनही. त्यावर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक माझी पहिली पसंती, कारण आपल्याकडे गच्ची वापरात असते. त्यावर चालता येतं, पापड वाळतात, झोपता येतं, वर्षानुवर्षं टिकतं. पांढरा परावर्तक रंग स्वस्त आणि चांगला, पण आपल्या धुळीने तो काळवंडतो. दर उन्हाळ्याआधी घासून धुवावा लागतो आणि काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. बांधून झालेल्या घराला रंग, नव्या घराला मोझॅक, असं मी सुचवतो.

सोलरची सावली हा मोठाच फायदा आहे. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतं. १ किलोवॅट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो आणि शंभरेक चौरस फूट जागा घेतो. पॅनेल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर घ्या, खाली गच्ची वापरता येते आणि तेवढ्या स्लॅबवर ऊनच पडत नाही.

पण रावेर-यावलच्या केळीबागा मे-जूनच्या वादळात कशा आडव्या होतात ते आपण बघतो. तेच वारं पॅनेलखाली शिरतं. सांगाड्याचे खांब कोब्यात बोल्ट मारून उभे करू नका, वाऱ्याने ते हलतात आणि भोकातून गळती सुरू होते. स्लॅब भरतानाच कॉलमच्या डोक्यावर छोटे काँक्रीटचे खांब वर काढून ठेवा. सोलर आज घ्या किंवा पाच वर्षांनी, जागा तयार राहते.

अमळनेरकर

कागदांबद्दल एक. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला महारेराचं संरक्षण नसतं, ते विकायला काढलेल्या प्रकल्पांना आहे. म्हणजे आपला करार हेच आपलं संरक्षण. माझ्या मेहुण्याने तोंडी बोलीवर काम दिलं, ठेकेदार जोत्यापर्यंतच निम्म्याहून जास्त पैसे घेऊन दुसऱ्या साइटवर गेला. स्लॅबपर्यंत पावसाळा लागला. वाघूरकाठ, तुम्ही स्वतः ठेकेदार आहात, तरी विचारतो, हप्ते कसे ठरवावेत?

वाघूरकाठ

विचारलंत ते बरं केलंत. पैसे झालेल्या कामाच्या मागे राहिले पाहिजेत, पुढे धावायला नकोत. सुरुवातीला सामान आणायला थोडी रक्कम. मग जोतं झाल्यावर, स्लॅब भरून त्याचे पाण्याचे दिवस पूर्ण झाल्यावर, वीटकाम झाल्यावर, गिलावा झाल्यावर, फरशी-नळ-वीज झाल्यावर. चौरस फुटाचा भाव ठरवताना त्यात काय धरलंय ते लिहून घ्या: सिमेंटची जात, सळईचा दर्जा, वायरची कंपनी, टाइल्सचा फुटाचा भाव, पाण्याची टाकी, कंपाउंड, फरसबंदी. 'सगळं आलं' या शब्दावर सही करू नका. बांधकाम क्षेत्र कसं मोजायचं, बाल्कनी आणि जिना धरायचा की नाही, तेही. एकूण रकमेचे पाचेक टक्के पहिला पावसाळा पार पडेपर्यंत रोखून ठेवा. गच्ची, खिडक्यांच्या कडा आणि बाथरूमची गळती तेव्हाच कळते. चांगला ठेकेदार याला हरकत घेणार नाही, आम्हीही घेत नाही.

यावलची_लेक

दादा, बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. काच उत्तरेला घ्यायला आर्किटेक्टला कळवलंय, कानबाईसाठी सरकणारं पार्टिशनही. आईने मागच्या दारी चुलीची जागा मागितली. माती परीक्षणासाठी पुढच्या आठवड्यात नमुने काढणार आहेत. खड्डा कुठे घ्यायचा हे कोण ठरवतं?

पांझराकाठ

घर जिथे येणार त्याच चौकोनात, कोपऱ्यातला एक आणि मधला एक असे निदान दोन. प्लॉटच्या बांधावरचा नमुना घेऊ देऊ नका, तिथे भराव असू शकतो. नमुने काढताना भाऊ किंवा बाबा तिथे हजर असू द्या, खोली मोजून लिहून घ्या. अहवाल आला की इथेच टाका, वाघूरकाठ आणि मी दोघं बघतो.